न चाखलेलं सारण

धंद्यात घाबरायचं नसतं, असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. मी घाबरट म्हणूनच टिकले. कोपरला राहते, घरून जेवणाचे डबे देते, आणि भाजी चाखल्याशिवाय एकाही डब्याला झाकण लावत नाही. पण गणपतीचे मोदक पडले नैवेद्याचे, ते आधी चाखायचे कसे? एका वर्षी माजिवड्याच्या एका काकूंना शंभर मोदक रिक्षाने पाठवले. त्याच सारणाचा मागे ठेवलेला एक घरच्या देवाला दाखवून मग तोंडात घातला, तर नारळ खवट! तिकडे आरतीला अजून अर्धा तास होता. फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. सांगायची हिंमतच झाली नाही. दुपारी काकूंचाच फोन आला. "छान झाले हो मोदक," एवढंच म्हणाल्या. प्रसादाला नावं कोण ठेवणार? पुढच्या वर्षी त्यांच्या ऑर्डरची वाट बघत बसले. फोन आलाच नाही.

आता पहिला घाणा उतरला की एक मोदक आधी घरच्या देवाला दाखवते, आणि तो खाल्ल्याशिवाय बाकीचे भरत नाही. खवट लागला तर लगेच गिऱ्हाइकाला फोन करायचा, हे ठरवलंय. दरवर्षी तो घास घेण्याआधी फोन शेजारीच काढून ठेवते.