चिंचखडकच्या विहिरीवरची सात नावे

माझी सहकारी रेखा हिने एकदा डबा खाताना सहज सांगितले की, तिच्या गावातल्या जुन्या विहिरीजवळ एक दगड बसवायचा आहे आणि त्याचा नारळ तिची आई फोडणार आहे. मी पुढचा घास बाजूला ठेवून विचारले, मी आले तर चालेल का? शनिवारी सकाळी आम्ही दोघी निघालो.

दगडाची हकीकत आधी समजावून घेऊ, म्हणजे पुढचा प्रवास नीट उलगडेल. पारनेर तालुक्यातले चिंचखडक हे छोटे गाव. पूर्वी तेथल्या दलित वस्तीतल्या बायकांना गावच्या विहिरीला हात लावता येत नसे. कठड्यापासून अंतर राखून घागर ठेवायची आणि कोणाला दया येऊन वरून पाणी ओतले जाईपर्यंत उभे राहायचे, अशी रीत होती. कायदा बदलला होता, पण विहिरीवर त्याचे कोणी ऐकत नव्हते. बहात्तरच्या दुष्काळात वस्तीचा झरा आटला. तेव्हा एका सकाळी सात बायका सरळ कठड्यावर चढल्या आणि त्यांनी आपल्या हाताने पोहरा सोडला. शिवीगाळ झाली, घागरी फुटल्या. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या, तिसऱ्या दिवशीही आल्या आणि रीत मोडली. त्या सातजणींत सर्वांत पुढे गिरजाबाई होत्या. रेखाची आई कमलताई ही त्यांची मुलगी. तेव्हा ती आईचा पदर धरून मागे उभी होती. बसवायचा दगड त्या सकाळच्या आठवणीचा होता.

आता रस्ता. पुण्याहून नगर रस्त्याने शिरूर ओलांडून सुपे गाठावे आणि तेथून डावीकडे पारनेरला वळावे. थेट पारनेरची एसटीही मिळते. पुढे चिंचखडकला जीप जाते, पण ती पुरती भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून हाताशी वेळ ठेवावा. आमच्या जीपमध्ये माणसे मावत होती तोवर सगळे हसतमुख होते. एक करडू आत आले तेव्हा मात्र पुढच्या आजोबांनी चालकाला विचारले की, याचे भाडे अर्धे की पूर्ण. दिवाळीनंतरचे दिवस येथे यायला उत्तम. वाटाण्याची शेते हिरवी असतात, माळावरचे गवत सोनेरी झालेले असते आणि ऊन अंगाला बोचत नाही.

घरी पोचताच कमलताईंनी हुलग्याची शेंगोळी आणि बाजरीची भाकरी वाढली. ज्यांना शेंगोळी ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते: हुलग्याच्या पिठाचे वळलेले वेटोळे लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवतात. ताट रिकामे होण्याची वाट न पाहता ताईंनी दुसरे वाढप केले. वर त्या म्हणाल्या, “शहरातल्या बाया लाजत लाजत जेवत्यात, आन् मंग गाडीत बिस्किटं खात्यात.” मी शेंगोळी तिसऱ्यांदा मागून घेतली.

दुपारी सुप्याहून टेम्पोतून दगड आला. काळा, छातीइतका उंच, गोणपाटात गुंडाळलेला. अर्धे गाव विहिरीपाशी जमले होते. सोबत आलेल्या पाथरवटाने गोणपाट सोडले आणि सगळे वाचू लागले.

येथे कोनशिलेची पद्धत सांगायला हवी. आपल्याकडे समाजमंदिर असो, व्यायामशाळा असो की स्मशानभूमीची शेड, दगडाची मांडणी ठरलेली असते: वर ‘शुभहस्ते’, खाली ‘प्रमुख उपस्थिती’, मग सर्व माननीय ओळीने. पाथरवटाला तसेच कोरायची सवय, आणि ज्यांनी मजकूर पाठवला त्यांना तसेच पाठवायची. परिणामी दगडावर सरपंच, उपसरपंच, सोसायटीचे चेअरमन, त्यांचे आजी-माजी सगळे होते. तळाशी एका ओळीत ‘सर्वांसाठी खुला पाणवठा’ एवढेच होते. सातजणींपैकी एकीचेही नाव नव्हते.

कमलताईंनी दगड वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. मग शांतपणे म्हणाल्या, “हे समदे त्या दिवशी विहिरीवर हुते व्हय?”

उपसरपंच अण्णा पुढे झाले. त्यांचे नाव बरेच ठसठशीत उमटले होते. “कमल, आगं मानकऱ्यांची नावं घातल्याबिगर दगड बसतो का कुठं?”

“मंग बसवा तुमी. माझ्या आईचं आन् तिच्या सोबतीणींचं नाव न्हाई, तर नारळ मी फोडणार न्हाई.”

त्या कठड्यावर बसल्या. रेखाने आईचा हात हातात घेतला. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी होता आणि आसपासच्या वाड्यांना निमंत्रणे गेली होती. नवा दगड आणायला वेळ नव्हता. काही नावे काढून जागा करावी, असे कोणीतरी सुचवले. त्यावर प्रत्येक जण दुसऱ्याचे नाव काढण्याविषयी फार उदार झाला. चेअरमन माजी चेअरमनांचे सुचवत होते, माजी चेअरमन विद्यमान चेअरमनांचे. कोरलेले नाव खोडणे अशुभ, असेही एकाने बजावले.

सरपंच मंदाताई इतका वेळ दगडाभोवती फिरत होत्या. मागे जाऊन त्यांनी पाठीवर हात फिरवला आणि पाथरवटाला विचारले, “मामा, ही बाजू कोरता येईल?”

तो म्हणाला की, आधी घासून सपाट करावी लागेल, पण संध्याकाळपर्यंत होईल.

“मग फिरवा दगड. बायांची नावं रस्त्याकडं. आमची विहिरीकडं.”

“विहिरीकडून कोन वाचनार?” अण्णांनी विचारले.

“कासवं हायेत की अण्णा आत. लई वर्सांची हायेत, समद्यांना वळकत्यात,” मंदाताई म्हणाल्या.

हशा पिकला. अण्णांनीही टोपी काढून हसून घेतले, आणि दगड फिरवायला पहिला खांदा त्यांनीच दिला.

पाथरवटाचे कोरायचे मशीन सुरू झाले आणि नावे सांगायची वेळ आली. सहा भराभर मिळाली. सातवीपाशी सगळे अडले. गावात ती ‘सदाची आई’ म्हणूनच ठाऊक होती. सदा हयात नव्हता. पाथरवट म्हणाला, सदाची आई असेच घालतो. कमलताईंनी मान हलवली. रेखाने सदाच्या बहिणीला राजूरला फोन लावला आणि फोनचा आवाज मोठा केला. पलीकडून आवाज आला, “पारू. पारूबाई. पर तिला या नावानं हाक मारल्याली मी कदी ऐकली न्हाई.”

पारूबाई सातवी कोरली गेली. पहिली गिरजाबाई. कोणाच्याही आधी ‘माननीय’ नव्हते.

रविवारी सकाळी कमलताईंनी नारळ फोडला. नंतर त्यांनी पोहरा सोडून पाणी शेंदले आणि दगडावर ओतले. दगडाची धूळ वाहून गेली, काळा रंग गडद झाला आणि अक्षरे स्वच्छ दिसू लागली. त्यांनी बोटाने आईचे नाव गिरवले. कोणी भाषण केले नाही. अण्णांनी तयार करून आणलेले भाषण मात्र त्यांनी परतताना पारनेरपर्यंत सोबत येऊन जीपमध्ये आम्हाला ऐकवले, आणि ते खरोखर चांगले होते.

तुम्ही गेलात तर विहिरीभोवती चपला घालून फिरू नका, एवढी एकच विनंती. मुक्कामाची सोय पारनेरला होईल. जेवण गावात कोणीही आग्रहाने देईल.

पुण्यात परतल्यावर मी बराच विचार केला की, या प्रवासातून हाती काय उरले. समतेवर मी तासभर बोलू शकते. पण ज्यांनी ती ओढून वर काढली त्यांची नावे मला त्या दुपारपर्यंत एकही सांगता आली नसती. आता सातही पाठ आहेत.

गेल्या आठवड्यात कमलताईंचा फोन आला. शाळेला जाणारी पोरे दगडाला सायकली टेकवतात, अशी अण्णांची तक्रार होती. भोवती साखळी लावायचे ग्रामसभेत निघाले, तेव्हा ताईंनीच नको म्हणून सांगितले.

“माझ्या आईला हितं कुनी उभं राहू देत न्हवतं,” त्या म्हणाल्या. “आता तिच्या आधारानं पोरांच्या सायकली उभ्या राहत्यात. राहू द्या की.”