भरतीचा दुसरा अर्थ

कच्छच्या खाडीवरच्या पोस्टवर आम्ही मे महिन्यात पोहोचलो. मी नाईक होतो, इंदूरचा. तोवर समुद्र पाहिला नव्हता, आणि तिथेही पहिले तीन दिवस दिसला नाही. दिसायचा तो वाळलेला चिखल, वर मिठाचा पापुद्रा, बुटाखाली पापडासारखा मोडणारा. झाड म्हणाल तर विलायती बाभूळ, आणि खाडीच्या कडेला छातीएवढी तिवरं. दुपारी चारी बाजूंनी पाणी चमकायचं. ते मृगजळ. तीन दिवसांत आम्ही एवढं शिकलो, की इथे पाणी दिसतं तिथे ते नसतं.

तिथे मोठी चीज म्हणजे गोडं पाणी. खाडीत उंट चारणारा हासमबापा आमच्या पहिल्या गस्तीच्या आदल्या दिवशी वाट दाखवायला येतो म्हणाला. बदल्यात दोन जेरीकॅन गोडं पाणी मागत होता. मी एकावर अडलो. घासाघीस माझ्या रक्तात आहे. तो उठून गेला.

चौथ्या दिवशी ०९३० ला मी चार जणांची पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, घेऊन निघालो. पोस्टवर चार्ट लावला होता, ‘हाय वॉटर १३५०’. मी ठरवलं, दुपारी एकला परत. पाणी पूर्ण चढतं १३५० ला, पण चढायला लागतं कधी, हे मी कोणाला विचारलं नाही.

शेवटच्या नंबरावर शिपाई मिलिंद होता, महूचा. आजोबा फौजेत, वडील फौजेत. चारचौघांत मला उस्ताद म्हणायचा, एरवी आमच्या इंदुरीत भिया, म्हणजे भाऊ.

११४० ला पोस्टच्या टॉवरवरून रेडिओ आला.

“टायगर वन, हासमबापा आए हैं. बोल रहे हैं आज बड़ी भरती है, वापस आओ. ओवर.”

आमच्या इंदूरच्या मराठीत भरती एकच. फौजेची. मी बटण दाबलं.

“बापा से बोलो, मेरी भरती कब की हो गई. आउट.”

सगळे हसले. मी सगळ्यात जास्त. वीस मिनिटं आम्ही पुढेच चालत राहिलो. मग मागून मिलिंद बोलला.

“भिया, माझी आत्या अलिबागला दिलीय. तिकडे भरती म्हणजे समुद्राचं पाणी चढणं.”

मी वळलो. आमच्या आणि टॉवरच्या मधे पाणी चमकत होतं.

“मृगजळ आहे,” मी म्हणालो.

“मृगजळात तिवरं बुडत नाहीत, भिया.”

तिवरांचे नुसते शेंडे उरले होते.

लाट नव्हती, आवाज नव्हता. सकाळी ज्या घळी आम्ही एका ढांगेत ओलांडल्या होत्या, त्यांतून पाणी मागून आलं होतं. पापुद्रा विरघळला. पाय गुडघ्यापर्यंत जायला लागले. फायर मी आधी अनुभवला होता. फायर आला की जमिनीला चिकटायचं, हे शिकवलेलं असतं. इथे जमीनच पाय धरत होती. मला ऑर्डर सुचेना.

“टॉवर, पानी पीछे से आ गया.”

“टायगर वन, बापा ऊँट लेकर निकल गए हैं. झाड़ी पकड़ के खड़े रहो. हिलना मत.”

आम्ही उभे राहिलो. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. एकजण रडत होता. मी त्याला शिवी दिली, कारण माझंही तेच होणार होतं.

१२५५ ला उंट दिसले. नुसती तोंडं पाण्यावर, पोहत. बापाने माझ्यासकट तिघांच्या हातात शेपट्या दिल्या. मिलिंद मागच्या घळीत मांड्यांपर्यंत रुतला होता आणि पाणी त्याच्या हनुवटीला लागलं होतं. मी हात पुढे केला.

“आधी रायफल घ्या, उस्ताद.”

शेपटी न सोडता मी रायफल घेतली, मागच्याकडे दिली. परत हात घातला तेव्हा हातात पाणीच आलं.

१९०० ला ओहोटीत तो सापडला. उभाच होता. तिवराची फांदी मुठीत.

कागदावर लिहिलं गेलं, ‘बुडून अपघात’. शत्रू समोर नव्हता म्हणून शहिदांच्या दगडावर नाव नाही. मी आज इंदूरला पोलोग्राउंडच्या माझ्या वर्कशॉपमध्ये लोखंडाच्या भावासाठी तासतास भांडतो, कोणाला ऐकत नाही. या एका नावासाठी किती वर्षं भांडलो, एक अक्षर पदरात पडलं नाही. चौकशीच्या जबानीत मी रेडिओवरचं माझं वाक्य आणि हसणं, दोन्ही सांगितलं होतं. लिहून घेणाऱ्या बाबूने ते गाळलं. म्हणाला, उस्ताद, इसकी ज़रूरत नहीं. त्याचा राग माझा अजून गेलेला नाही. ज़रूरत होती.

हासमबापाला नंतर मी दोन जेरीकॅन भरून नेऊन दिले. त्याने एक परत केला.

हल्ली पलासियाच्या सिग्नलला कोचिंगवाल्यांचा बोर्ड आहे. ‘सेना भरती’, मोठ्या लाल अक्षरांत. लाल दिवा लागला की पोरं वर बघून वाचतात. मी खाली बघतो, रस्ता कोरडा आहे का ते. मग मिलिंदचं नाव घेतो आणि गाडी गिअरमध्ये टाकतो.