नकाशात नसलेली विहीर

नगरपालिकेच्या सभेत मी नकाशाची दोन टोकं धरून उभा होतो. भिंतीला खिळे होते. पण इंजिनियर साहेब म्हणाले, "खिळे कशाला, हा आहे ना." मी कचेरीतला अनुरेखक. जुन्या नकाशावर ट्रेसिंगचं कापड अंथरायचं आणि खाली दिसेल ते शाईनं गिरवायचं, एवढंच माझं काम.

परभणी जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव तेव्हा वाढत होतं. मोंढ्यात घाणीचे ढीग, पेठेत नाल्या तुंबलेल्या. गाव स्वच्छ करायची सरकारी योजना आली. सगळा कचरा अन् मैला गावाबाहेर एका जागी टाकायचा. साहेबांनी माझ्या छातीसमोर नकाशावर छडी टेकवली. "ही जागा. पडीक आहे. कुणाला त्रास नाही."

एक आडते सदस्य होते. ते म्हणाले, "तिकडं त्या लोकांची वस्ती हाय की."

"असू दे. त्यांना वासाची सवय असते."

"ह्याचंबी घर तिथंच हाय." आडत्यांनी माझ्याकडं हात केला.

"मग सोयच झाली. कचऱ्याच्या गाडीवर बसून घरी जाईल."

सगळी सभा हसली. मीही हसलो. नोकरी कच्ची होती म्हणून हसलो, भ्यालो म्हणून हसलो. ते हसू आजवर पचलेलं नाही. हात खाली घेता येत नव्हते, नकाशा पडला असता.

त्याच नकाशाची बिघडलेली एक छापील प्रत मी मागं घरी आणली होती. मायनं ती फळीवर डब्यांखाली अंथरली होती. संध्याकाळी मी सभेतलं सांगितलं, तेव्हा तिनं डबे उतरवले आणि कागद भुईवर पसरला. तिला वाचता येत नाही. मी मारुतीचं देऊळ दाखवलं, पाथरीचा रस्ता दाखवला. तिथून ती बोटानं चालत नाल्यापलीकडं आली आणि थांबली.

"आपली हीर कुठं हाय?"

"न्हाई ह्यात."

"अन् घरं?"

"जुन्या नकाशात नव्हती, माय."

"पर ह्यो तूच काढलास न्हवं?"

गावच्या आडावर आम्हाला दोर सोडू देत नव्हते, म्हणून धर्मांतरानंतर आमच्या माणसांनी ती विहीर खणली होती. बहात्तरच्या दुष्काळात पेठेतल्या विहिरी आटल्या, ही आटली नाही. तेव्हा पेठेतल्या बायकाही घागरी घेऊन आमच्याच काठावर आल्या होत्या. आता कचऱ्याची जागा तिच्या वरच्या अंगाला होती. पहिल्याच पावसात सगळी घाण झिरपून पाण्यात आली असती. आणि मी, त्या पाण्यावर वाढलेला, ती जागा कोरी गिरवून आलो होतो.

माय म्हणाली, "तुझ्या बापानं खांदली ती. तुला काढायला शाई पुरली न्हाई व्हय?"

दुसऱ्या दिवशी कलेक्टरकडं मंजुरीला जायचं कापड माझ्या टेबलावर होतं. मी त्यावर घरं काढली, एकूण एक. मधोमध विहिरीचं वर्तुळ काढून नाव लिहिलं. साहेबांनी पाहिलं आणि ब्लेड पुढं सरकवलं.

"खरवड हे."

"न्हाई खरवडत."

"तुला विचारलं नाही, सांगितलंय."

"घरं हायती तिथं, साहेब. चला, दाखवतो."

साहेब आले नाहीत. त्यांनी स्वतः बसून आमची वस्ती खरवडली, मग विहीर. मला म्हणाले, उद्यापासून येऊ नको.

रविवारी मी विहिरीचाच दोर सोडून घेतला. हात-हात अंतरावर गाठी मारल्या. एक टोक मायनं धरलं, दुसरं मी, आणि सगळी वस्ती मोजली. माणसं दारात उभी राहून आपापलं घर नीट निघतंय का बघत होती. कागदावर मी सगळ्यात आधी विहीर काढली. खाली माझं नाव लिहिलं. हुद्दा राहिला नव्हता.

सोमवारच्या एसटीनं परभणीला गेलो. कलेक्टर कचेरीतला शिपाई म्हणाला, "ठेवून जा, साहेब बघतील."

मी म्हणालो, "ठेवणार न्हाई. साहेब बघेपर्यंत इथंच उभा ऱ्हातो. नकाशा धरून उभं ऱ्हायची सवय हाय मला."