चोळीबांगडीचं वावर

दावा लांबला की कागद वाढतात, तसे किस्सेही वाढतात. कोर्टाच्या बाकावर बसून बसून माझ्याकडे बरेच साठले आहेत. पूर्वी घरी गेलो की सुनंदाला सांगायचो. दावा तिचाच होता. आता ती नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

हकिगत साधी आहे. सुनंदाचं माहेर कात्रजच्या पलीकडचं, तेव्हा खेडंच होतं. आमच्या लग्नात कानपिळी चालली होती. नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळ म्हणून. माझा मेहुणा बबन तेव्हा कॉलेजात जाणारा पोरगा. त्याने कान असा पिळला, की सासरी आल्यावर सुनंदाने पहिलं काम केलं ते माझ्या कानाला खोबरेल लावायचं!

तर त्याच गडबडीत सासऱ्यांनी आहेर पुकारणाऱ्याच्या हातातून माइक घेतला आणि भर मंडपात जाहीर केलं, सुनंदाला चोळीबांगडीसाठी विहिरीकडचं वावर दिलं. मुलीच्या साडीचोळीची सोय म्हणून असा तुकडा द्यायची त्यांच्याकडे रीत होती. टाळ्या पडल्या. वावर मात्र तिच्या नावावर कधी झालं नाही. सासरे गेले, गाव महापालिकेत आलं, वावराला लागून मोठा रस्ता झाला. मग बबन म्हणू लागला, "आबा असं कधी बोललेच न्हाईत."

* * *

पहिल्यांदा वकीलबाईंकडे गेलो, तेव्हा त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, जमीन माइकवर देता येत नाही, कागद लागतो.

"पण अख्ख्या मंडपाने ऐकलंय हो," सुनंदा म्हणाली.

"छान. मंडपाला समन्स काढू."

शेवटी बाईंनी मुलगी म्हणून वडिलांच्या जमिनीतला हक्काचा वाटा मागितला आणि मंडपातला शब्द त्याला जोडला. समोरून लेखी उत्तर आलं, की असं काही घडलेलंच नाही. ते वाचून सुनंदा जेवली नाही. जमिनीचं राहू द्या, म्हणाली, माझ्या वडिलांचं बोलणंच पुसून टाकलं यांनी.

* * *

पहिल्या तारखेला आम्ही व्हरांड्यात उभे होतो. समोरून बबन आला. डोक्यावर टोपी, अंगात इस्त्रीचा शर्ट. सरळ वाकला आणि माझ्या पायाला हात लावला.

"दाजी, बरं हाय ना?"

त्याचे वकील कळवळले. "अहो, ते आपले विरुद्ध पक्षकार आहेत!"

"म्हंजी दाजी न्हाईत का?" बबनने विचारलं.

त्याचा मुलगा सागर मागे गाडीची किल्ली बोटावर फिरवत होता. त्याने बापाचा दंड धरला आणि पलीकडच्या बाकावर नेऊन बसवलं. तिथून बबनने आमच्याकडे मान वळवली नाही. सागरने त्या वावरावर बिल्डरकडून आधीच इसाराचे पैसे घेऊन ठेवलेत, हे आम्हाला फार नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच दिसलं, की बाप मुलाला घाबरतो.

* * *

मग सुनंदा आजारी पडली आणि गेली. शेवटी शेवटी एकच सांगायची, दावा मागे घेऊ नका.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला. कावळे झाडावर बसले होते, खाली एकही उतरेना. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. मी म्हटलं, आपल्या लेकीचं, मुग्धाचं लग्न थाटात करीन. कावळे जागचे हलले नाहीत. दावा मागे घेणार नाही, हे जे बोलायला हवं होतं ते बबनच्या देखत माझ्या तोंडून निघेना. ऊन चढत गेलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

तेवढ्यात बबन पुढे झाला. टोपी काढली, हात जोडले, काहीतरी पुटपुटला. कुणाला ऐकू आलं नाही. कावळा उतरला.

पुढे वकीलबाईंना हे सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाल्या, "कावळ्याची साक्ष चालत नाही."

* * *

वारस म्हणून मी आणि मुग्धा दाव्यात आलो. त्याच सुमारास मुग्धाचं लग्न ठरलं, आणि सागर कोथरूडला आमच्या फ्लॅटवर पेढे घेऊन आला. आत्याच्या फोटोला नमस्कार केला, चहा घेतला. बोलणं फार अदबीचं. मामाच नवरीला बोहल्यावर आणतो, तिच्या मागे उभा राहतो. आई नाही, त्यात मामाही नसला तर बरं दिसेल का, असं त्याचं म्हणणं. दावा काढून घ्या, पप्पांना मी स्वतः घेऊन येतो.

विचार करतो, म्हटलं.

दारात बूट घालता घालता त्याने विचारलं, "मुग्धाताई ऑफिसातून किती वाजता येते हो? एकटीच असते ना स्कूटरवर?"

बस, एवढंच. पोलिसांना सांगावं असं त्यात काही नव्हतं. पण त्या दिवसापासून मी हेल्मेट घालून मुग्धाच्या मागे बसून तिच्या ऑफिसपर्यंत जायला लागलो. बसने परत यायचो, संध्याकाळी पुन्हा बसने जाऊन तिच्या मागे बसायचो. प्रत्येक सिग्नलला मागे वळून बघायचो.

"बाबा, कुणी आलंच, तर तुम्ही मागे बसून नक्की काय करणार आहात?"

मी हेल्मेटचा पट्टा आवळला.

* * *

बबनच्या उलटतपासणीची तारीख लग्नाच्या थोडी आधी आली. वकीलबाईंनी आधीच बजावलं होतं, की तो नाहीच म्हणणार. आपण वाट्याचं बघू, शब्दाचं विसरा. बबन पिंजऱ्यात उभा राहिला. सागर मागच्या बाकावर, हातात किल्ली. बबनकडे बघवेना, म्हणून मी मुग्धाकडे बघत होतो, आणि मुग्धा मामाकडे.

बाईंनी विचारलं, कानपिळीच्या वेळी तुम्ही कुठे होतात?

"दाजींचा कान धरून हुतो."

कोर्टात हसू फुटलं. न्यायाधीशांनीही मान खाली घातली.

"तेव्हा तुमचे वडील माइकवर काही बोलले?"

मागे किल्लीचा आवाज थांबला. बबनने मुग्धाकडे पाहिलं, मग टोपी काढून कठड्यावर ठेवली.

"साहेब, कान म्या त्यांचा धरला हुता. माझे दोन्ही मोकळे हुते. आबा बोलले. वावर अक्काला दिलं म्हनले. म्या ऐकलं."

त्याच्या वकिलांनी फाइल मिटली. टायपिस्टने विचारलं, काय घेऊ? न्यायाधीश म्हणाले, "जसं बोलले तसं घ्या."

आम्ही बाहेर आलो तेव्हा सागरची गाडी आवारात नव्हती. बबन फाटकापाशी उघड्या डोक्याने उभा होता.

"दाजी, कात्रजची बस कुठनं मिळंल?"

कठड्यावर राहिलेली टोपी मुग्धाने उचलून आणली होती. ती तिने आपल्या पर्समध्ये ठेवली आणि माझ्या हातातलं हेल्मेट काढून मामापुढे धरलं.

"आन् तुमी, दाजी?"

"मला बस माहीत आहे," मी म्हटलं.