नॉर्बर्टच्या प्लिमथचा खरा भाव

चेस्टर ग्राबोव्स्की यांच्या खिशात चाळीस वर्षं एक लोहचुंबक होतं आणि अर्ध्या मिशिगनला त्याचा धाक होता. जुनी दणकट गाडी घ्यायची म्हटलं की लोक त्यांना सोबत नेत. चेस्टर पत्र्यावर चुंबक फिरवत. जिथे ते चिकटत नसे तिथे गंजाने पोखरलेल्या पत्र्यात पुट्टी भरलेली असे. मग ते असा काही सुस्कारा सोडत की मालक स्वतःच दोन हजार डॉलर उतरवी.

स्वतःसाठी मात्र त्यांना एकही गाडी पसंत पडली नाही. एकीचा रंग बदललेला, दुसरीचं इंजिन भलतीचंच. स्थळं नाकारता नाकारता नवरदेव एकाहत्तरीला पोचले. डावा गुडघा क्लच दाबताना कुरकुरू लागला, तेव्हा त्यांना कळलं की आता यंदा, नाहीतर कधीच नाही.

आणि देव पावला. म्हणजे नॉर्बर्ट वारला. त्याची बायको डोलोरेस चेस्टरांच्याच चर्चमधली. तिच्या गॅरेजमध्ये नाताळच्या खोक्यांमागे सत्तर सालची जांभळी प्लिमथ गाडी उभी होती, वर बोटभर धूळ. जुन्या गाड्यांच्या शौकिनांत धुळीलाही भाव असतो, त्यामुळे चेस्टरांनी ती श्रद्धेने तशीच ठेवली. चुंबक सगळीकडे चिकटलं. त्यांनी वाकून इंजिनवर टॉर्च मारला. तिथे ठोकलेला नंबर पुढच्या काचेखालच्या गाडीच्या नंबराशी तंतोतंत जुळत होता. म्हणजे कारखान्यातून गाडीसोबत निघालेलं तेच इंजिन, आणि भाव कितीतरी पट. त्यांनी टॉर्च विझवला.

"नंबर जुळत नाही हो," ते सुस्कारा सोडून म्हणाले.

"अहो, पण नॉर्बर्ट तर शपथेवर सांगायचा!"

"सगळेच सांगतात, डोलोरेस. तळ गंजलाय, इंजिन उसनं आहे. नऊ हजार देतो, तेही तुमच्याकडे बघून."

डोलोरेस खोक्यावर मटकन बसली. "चव्वेचाळीस वर्षं मला थापा मारल्या म्हणायच्या त्याने."

इथे दुसऱ्या कुणी जीभ चावली असती. चेस्टररावांनी "गेलेल्याला काय बोलायचं?" असं थोर मनाने सांगितलं आणि शुक्रवारी पैसे आणायचं ठरवून घरी आले.

शुक्रवारी गॅरेज रिकामं. शेजाऱ्याने अग्निशमन दलाच्या अंगणाकडे बोट दाखवलं. तिथे दरवर्षी मासे तळतात आणि बंबासाठी निधी म्हणून एखादी भंगार गाडी ठेवतात. पाच डॉलर भरा, घणाचा एक घाव घाला. यंदा तिथे जांभळी प्लिमथ होती, चकाचक धुतलेली. घण डोलोरेसच्या हातात.

"डोलोरेस, मी नऊ हजार आणलेत!"

"तुम्ही भले आहात हो, पण हे खोटं डबडं तुमच्या गळ्यात बांधून मी देवाला काय तोंड दाखवू? नवऱ्याच्या नावानं पहिला घाव माझा."

तिने घण उचलला.

"नंबर जुळतो!" चेस्टर किंचाळले.

घण हवेतच थांबला. "काय म्हणालात?"

"इंजिन तेच आहे. नॉर्बर्ट खरं बोलत होता. खोटं मी बोललो."

सगळं गाव त्यांच्याकडे वळलं. कढईतले मासे चरचरत होते. दलाचा प्रमुख रॉस्को चिमटा खाली ठेवत म्हणाला, "मग खरा भाव सांग की, चेस्टर. गावात तुझ्याइतकं कळतं कुणाला?"

चेस्टरांची जन्माची शिल्लक एक्केचाळीस हजार. खोटं बोलायची ही शेवटची संधी होती, पण डोलोरेस एकटक बघत होती.

"एक लाख साठ हजार," ते म्हणाले. आणि खोड जाईना म्हणून पुढे, "धूळ धुतली नसती तर पाच हजार जास्त."

डोलोरेसने घण खाली टाकला, बॉनेटवर हात ठेवला आणि रडली. "माफ कर रे, नॉर्बर्ट." मग डोळे पुसून चेस्टरांकडे वळली. "गिऱ्हाइकं येतील तेव्हा शेजारी उभे राहा. मला कुणी फसवायला नको. चुंबक घरी ठेवून या."

पहिलं गिऱ्हाईक रविवारी आलं. गाडीभोवती एक फेरी मारली, खिशातून चुंबक काढलं आणि लांब सुस्कारा सोडला. चेस्टरांना सुस्कारा ओळखीचा होता. तो त्यांनीच शिकवलेला.

"एक लाख साठ," ते म्हणाले. "आणि सुस्कारे घरी जाऊन सोड."