पाच अर्जांची अस्वलं

पाचवा अर्ज आला तेव्हा मी चौथा फायलीला लावत होतो. मजकूर तोच. आमच्या डोंगरात अस्वल माजलं आहे, बायका रानात जायला धजत नाहीत, राबाची कामं अडली आहेत, तरी सरकारने बंदोबस्त करावा. खाली पाटलाची सही आणि गावकऱ्यांचे अंगठे.

एकोणीसशे तीसच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी जंगल खात्यात गार्ड होतो. रेवदंड्याची खाडी आत जाऊन जिथे अरुंद होते, तिथले डोंगर माझ्याकडे होते. गार्डच्या ताब्यात जंगलाचा जो तुकडा असतो त्याला बीट म्हणतात. माझ्या बीटच्या कडेने पाच गावं, आणि एकाच हंगामात पाचही गावांचे अर्ज. शेवटचा कातळपाड्याचा. भाताचं बी पेरण्याआधी आमच्याकडे शेतात पाला-फांद्या पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. कातळपाड्याचा राघो त्या फांद्या तोडायला डोंगरात गेला होता. अस्वलाने त्याचा खांदा फाडला. त्यामुळे हे अर्ज हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते.

आमचे रेंजर पोतनीस. माणूस भला, पण कागदावर नसेल ते त्यांच्या लेखी जगातच नसायचं.

"कदम, किती अस्वलं आहेत तुमच्या बीटमध्ये?"

"पाच गावं, पाच अर्ज. पाच तरी असणारच, साहेब."

"आणि जास्तीत जास्त?"

"आठ धरा."

"मागच्या साली तर दोन लिहिली होतीत."

"वाढलीत, साहेब. एक वारूळ धड राहिलेलं नाही."

अस्वलं मोजायची म्हणजे अस्वलांच्या मागे धावायचं नसतं. ती वाळवी खातात, म्हणून फोडलेली वारुळं बघायची. विष्ठा बघायची, मधाच्या झाडांवर नखांचे ओरखडे बघायचे. त्या वर्षी हे सगळं जिकडेतिकडे होतं. खुणा वाढल्या म्हणजे जनावरं वाढली, इतकी साधी माझी अक्कल. रिपोर्ट गेला. आठवड्याभरात हुकूम आला, की उपद्रवी अस्वलं मारावीत आणि शिकारीला मोठे साहेब स्वतः येतील.

महादू कातकरी माझा वाटाड्या. माझ्याहून वयाने मोठा, बोलायला कंजूष. हुकूम आला तो मी त्याला सांगितला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला ओढ्यातल्या एका डबक्यापाशी घेऊन गेला. चिखलात अस्वलाचे ठसे होते. उजव्या पुढच्या पायाला दोन बोटं नव्हती.

"फाशात गेली बोटं. लय वर्सं झाली," तो म्हणाला. "ही लंगडी."

"बरं मग?"

"चला."

दुपारपर्यंत त्याने मला आणखी तीन पाणवठे दाखवले. प्रत्येक वेगळ्या गावच्या हद्दीतला. प्रत्येक ठिकाणी तोच पाय, तीच दोन बोटं गायब.

"गार्डसाहेब, येकच हाय ती."

"एक अस्वल पाच गावांत कशाला फिरेल?"

"प्वाट भरत न्हाय, मंग काय करल?"

"आधी नव्हती फिरत ती."

महादूने माझ्या कमरेच्या हातोड्याकडे बघितलं. "आदी उंबर व्हता," तो म्हणाला.

हा हातोडा समजावून सांगायला हवा. दर वर्षी जंगलाचा एक तुकडा तोडायला काढतात, त्याला कूप म्हणतात. कुपातलं कुठलं झाड तोडायचं, त्यावर गार्ड हातोड्याने शिक्का मारतो. साग किंवा ऐनाचं झाड सरळ वाढलेलं असेल तर ठेवायचं. उंबर, जांभूळ, पोकळ खोडाची म्हातारी झाडं इमारतीच्या कामाची नाहीत, म्हणून ती आधी भट्टीत. त्यांचा कोळसा खाडीतून मचव्यांनी मुंबईला जायचा. लागोपाठ तीन वर्षांचे कूप माझ्या हातचे. एकेक उंबर शोधून शोधून मी त्यावर शिक्का मारला होता. काम चोख करतो म्हणून शाबासकीही घेतली होती.

म्हणजे आधी ज्या एका उतारावर उंबर-जांभळांची फळं खाऊन तिचं भागत होतं, तिथे आता खायला काही उरलं नव्हतं. मग ती पाच गावचे डोंगर पालथे घालत होती आणि जाईल तिथे वारुळं फोडत होती. खुणा वाढल्या होत्या त्या एकाच जनावराच्या भुकेने.

"आन पाठीव दोन पिल्लं हायती," महादू म्हणाला. "म्हनूनच राघोवर गेली. दोन-तीन वर्सांनी येकदा विते ती. पिल्लू मोठं व्हईस्तवर दुसरं न्हाय. ही गेली तं मागं कोन न्हाय, साहेब. नर येतो नि जातो. राहती मादी हीच."

"मी साहेबांना सांगतो."

"सांगा. तुमचं आयकतील."

मी रेंजवर, म्हणजे पोतनीसांच्या कचेरीत, गेलो हे खरं आहे. सहा कोस चालत गेलो. वाटेत वाक्यं जुळवली. 'साहेब, माझी मोजणीत चूक झाली. अस्वल एकच आहे. राघो गेला त्या वाटेने माणसं दोन महिने गेली नाहीत तरी भागेल.' एवढंच बोलायचं होतं.

पोतनीस खुशीत होते. मोठ्या साहेबांचा तंबू कुठे द्यायचा याचा नकाशा काढत होते.

"या कदम. काय काम काढलंत?"

मी तोंड उघडलं. बढतीच्या यादीत माझं नाव त्या वर्षी होतं. चुकीचा रिपोर्ट पाठवणाऱ्या गार्डचं नाव यादीतून कसं जातं ते मी दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं.

"हाकाऱ्यांची नावं आणलीत, साहेब."

"वा! आणि आकडा नक्की ना? पाच ते आठ?"

"नक्की, साहेब."

परत येताना मी मनाची समजूत घालत होतो, की चार पाणवठे पाहिले, पाचवा कुठे पाहिला? तिथे दुसरं असेलही. महादूने विचारलं तेव्हा मी त्याच्याकडे न बघता म्हणालो, "वरून हुकूम आहे." त्याने पुन्हा विचारलं नाही.

हाकारा सकाळी झाला. पाच गावची माणसं डबे बडवत उतारावरून खाली आली. अस्वलीण करवंदीच्या जाळीतून निघाली ती लंगडत. पळणं तिला जमत नव्हतं, कारण दोन्ही पिल्लं पाठीवर बसली होती. मोठ्या साहेबांची गोळी एकच लागली. खाली पडताना एक पिल्लू तिच्या अंगाखाली सापडून मेलं. दुसरं पाठीवरच राहिलं. आई हलत नाही हे त्याला कळत होतं की नाही देव जाणे, पण केसांत रोवलेली नखं ते सोडेना. महादूने एकेक नख हाताने सोडवलं. त्याला बराच वेळ लागला.

मग लोक बघायला पुढे आले. एका गावचा पाटील म्हणाला, "हीच ती आमची! दोन बोटं न्हाईत बगा." दुसरा म्हणाला, "तुमची कशी? ही तं आमच्या पान्यावर येते." तिसऱ्यानेही तेच सांगितलं. चौथ्यानेही. शेवटी राघो आला, खांदा बांधलेला. त्याने नुसतं पायाकडे बघितलं. "हीच," म्हणाला. मग पिल्लाकडे बघून म्हणाला, "पिल्लं व्हय हिला? मला काय ठावं?" आणि बाजूला जाऊन उभा राहिला.

पोतनीसांनी मला हळूच बाजूला घेतलं.

"कदम, पाचही गावांची एकच?"

"होय, साहेब."

"बाकीची?"

"बाकीची नाहीत, साहेब."

त्यांनी मोठ्या साहेबांच्या तंबूकडे बघितलं, मग माझ्याकडे. "रिपोर्ट गेलाय," ते म्हणाले. "आता आठातून एक वजा करा."

वाचलेलं पिल्लू मी घरी आणलं. बायकोने शेळीचं दूध कापसाच्या बोळ्याने पाजलं. दूध ते प्यायचं, पण माझी घोंगडी सोडायचं नाही. पाठीवर घोंगडी टाकून मी उभा राहिलो की चढायचं आणि नखं रोवून निजायचं. नवव्या दिवशी गेलं. त्या नऊ दिवसांत मी घरात पाठ टेकून बसलो नाही. माझ्या बायकोला मी हा सगळा प्रकार सांगितला तो त्यानंतर. ती म्हणाली, "मला आधी सांगायचं होतंत. मी तुम्हाला परत रेंजवर पाठवलं असतं." तिने पाठवलंही असतं. म्हणूनच सांगितलं नसणार मी.

अर्ज बंद झाले. बंदोबस्त उत्तम झाला असा शेरा आला आणि बढतीही मिळाली. दोन पावसाळ्यांनंतर महादूने मला एका बेहड्याच्या झाडावर ताजे ओरखडे दाखवले. मोठा नर होता, घाटाकडून आलेला. महिनाभर तो त्याच डोंगरात फिरला. आम्ही रोज माग काढायचो. मग ठसे घाटाकडे वळले आणि पुन्हा आले नाहीत. महादू म्हणाला, "बगून गेला." मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. पुढे त्या डोंगरातली वारुळं वाढत वाढत माझ्या कमरेपर्यंत आली. फोडणारं कोणी नव्हतं.

नवे गार्ड कधी कधी भेटायला येतात, सल्ला विचारतात. मी सांगतो की अर्ज मोजू नका, पाय मोजा. आणि चूक कळली तर त्याच दिवशी सांगा. बढती वर्षाने मिळते, नाहीतर नाही मिळत, माणूस काही मरत नाही.

मात्र एक गोष्ट मी त्यांना सांगत नाही. आमच्या रजिस्टरात जनावरांचा आकडा मागच्या पानावरून पुढच्या पानावर उतरवून घ्यायची पद्धत होती. बढतीनंतरही ते डोंगर माझ्याच हाताखाली राहिले आणि मीही वर्षानुवर्षं तो उतरवला. खोडायचा तर कारण लिहावं लागलं असतं. मी रिटायर झालो त्या दिवशी चार्ज देताना शेवटचं पान उघडलं. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : अस्वलं, सात.

त्याखाली मी सही केली.