सुपरचार्जरची शिटी आणि बाबांचे कान

१७ जानेवारी, शनिवार. बरेच महिने या ब्लॉगवर फिरकले नाही, माफ करा. आज मन थाऱ्यावर नाही म्हणून लिहिते आहे.

बाबा हवाई दलात विमानांची इंजिनं दुरुस्त करायचे. उंचावर हवा विरळ होते, म्हणून जुन्या पंख्याच्या विमानांत हवा दाबून इंजिनात भरणारा सुपरचार्जर असे. तसाच एक आमच्या जुन्या विलायती गाडीलाही आहे. उद्या जुन्या गाड्यांच्या फेरीत बाबा ती चालवणार आहेत आणि शेजारी माझी लेक बसणार आहे.

आज सरावासाठी गाडी काढली, तेव्हा सेमिनरी हिल्स टेकडीच्या चढावर सुपरचार्जरच्या नेहमीच्या शिटीत मला खरखर ऐकू आली.

"बाबा, आवाज बदललाय."

"काही नाही बदलला. काहून घाबरून राहिली वं? चढावर ते गातेच."

घरी आलो. कुकरची शिटी वाजली, आणि शेजारी बसलेले बाबा म्हणाले, "कुकर लावला नाही का अजून?"

शिटी त्यांना ऐकूच आली नव्हती. जन्मभर कानानं इंजिन ओळखणाऱ्या माणसाला कसं सांगू? आणि मलाच भास झाला असेल तर? तुम्ही घरच्यांना असं कसं सांगता?

बाबांनीच शिकवलं होतं: स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला. कान मंद असले तरी बिघाड हाडातून कळू शकतो. त्यांना कळला, तर तेच गाडी थांबवतील; नाहीच कळला, तर लेक गाडीत बसणार नाही, मग बाबा रागावले तरी चालेल.

उद्याचं काम: निघण्याआधी बाबांच्या हातात लांब स्क्रूड्रायव्हर देणे.